खोक्यावर ८के, पडद्यावर ४८०

विश्रामबागेतल्या आमच्या दाजींनी ऑनलाइन मागवलेला टीव्ही बॉक्स, म्हणजे टीव्हीला जोडून सिनेमाची अॅप चालवणारा डबा, परवा माझ्यासमोरच उघडला. खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘८के’. टीव्ही त्यांचा ४३ इंची, ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा; ८के म्हणजे त्याच्याही चौपट. "८केचं आत्ता बघायला काय नाही, पण उद्या येईल की. घ्यायचं तर पुढचं बघून घ्यावं," दाजी म्हणाले.

सिनेमा लावला. भडंगाची वाटी घेऊन आलेली ताई दारातूनच म्हणाली, "अहो, हे आधीपेक्षा पुसट दिसतंय."

दिसत होतंच. पण त्याआधी दाजींच्या मुद्द्याचं बोलू, कारण तो अगदीच चुकीचा नाही. दाखवणारं यंत्र घरात नसेल तर तसं चित्रीकरण कोण करणार, आणि तसं काही बघायलाच नसेल तर यंत्र कोण घेणार? कुणीतरी आधी पाऊल टाकावंच लागतं. नेटफ्लिक्सनं २०१४ मध्ये ४के सुरू केलं. २०१५ मध्ये रोकू आणि अॅमेझॉननं ४के बॉक्स आणले. अॅपलचा त्या वर्षीचा बॉक्स मात्र १०८० ओळींच्या फुल एचडीवरच थांबला आणि दोन वर्षांनी त्यांना ४केचा नवा काढावा लागला.

मात्र आधी उडी मारणारे फसलेही. नेटफ्लिक्सचं ४के एचईव्हीसी या पद्धतीनं आवळलेलं, म्हणजे कमी डेटात बसवलेलं होतं. त्याआधी घेतलेल्या कितीतरी ४के टीव्हींत ते उलगडणारा डिकोडरच नव्हता. पडद्यावर ८३ लाख ठिपके, आणि नेटफ्लिक्सचं ४के लावायची सोय नाही! आवळल्याशिवाय तर चालतच नाही. सेकंदाला २४ चित्रं धरली तरी ४केचा कच्चा माल होतो जवळपास पावणेपाच अब्ज बिट. नेटफ्लिक्स सांगतं, १५ मेगाबिटचा, म्हणजे सेकंदाला दीड कोटी बिटचा वेग पुरे. म्हणजे तीनशेव्या हिश्शाहूनही कमी. एवढं आवळलेलं दर सेकंदाला उलगडायचं काम चिपमध्ये कोरलेलं सर्किट करतं, आणि अपडेट टाकून ते नव्यानं कोरता येत नाही. म्हणून माझ्या मते कंपन्यांनी पुढचा विचार करावा तो इथं. २०१८ मध्ये आलेल्या एव्ही१ या आवळायच्या नव्या पद्धतीचा डिकोडर आहे का, हा प्रश्न ८केच्या आकड्यापेक्षा कितीतरी कामाचा आहे.

आता डोळ्यांचं. चांगली नजर साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखते; चष्म्याच्या दुकानातला अक्षरांचा तक्ता याच हिशोबावर बेतलेला असतो. मी ताईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली. सोफ्यापासून टीव्ही ९ फूट. एवढ्या अंतरावरून सुमारे ०.८ मिलीमीटरहून जवळचे ठिपके एकमेकांत मिसळतात. ४३ इंचांवर फुल एचडीचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा, ४केचा पाव, ८केचा त्याच्याही निम्मा. म्हणजे त्या सोफ्यावरून फुल एचडीचेच ठिपके वेगळे दिसत नाहीत. ४केवर चित्र उजवं वाटतं ते बऱ्याचदा त्यासोबत येणाऱ्या एचडीआरमुळे, म्हणजे उजेड-अंधाराच्या आणि रंगांच्या वाढलेल्या पल्ल्यामुळे. ८केचे ठिपके वेगळे बघायचे तर टीव्हीपासून दीड फुटाच्या आत बसावं लागेल.

"मग सोफा पुढं ओढू का?" ताईनं विचारलं. दाजी हसले नाहीत.

जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेनं १ डिसेंबर २०१८ला ८केचं चॅनेल सुरू केलं, तेव्हा ८के ही काही थाप नाही. पण दाजींच्या घरी ते आलं तरी ४केच्या पडद्यावर ४केच होऊन दिसणार.

राहिला पुसटपणा. ओटीटीवाले सिनेमा कुलूप लावून पाठवतात. गूगलचं वाइडवाइन हे त्यातलं एक कुलूप, आणि त्याच्या पायऱ्या आहेत. एल१ पायरीवर कुलूप उघडण्यापासून चित्र उलगडण्यापर्यंत सगळं चिपच्या बंदिस्त भागात होतं, मधून चोरणं फार अवघड जातं. त्यासाठी बॉक्सला मान्यता लागते. ती नसली की बॉक्स एल३वर घसरतो आणि नेटफ्लिक्ससारखी अॅप त्याला ४८० ओळींच्या वर काही देत नाहीत. वाइडवाइनची पायरी दाखवणारं एक फुकट अॅप मी त्यात टाकलं. उत्तर आलं, एल३.

दाजींनी खोका उलटापालटा करून पाहिला. चारी बाजूंना ८के होतं, एल१ कुठंच नव्हतं. मग त्यांनी बॉक्सची पिन काढली आणि टीव्हीतलंच जुनं अॅप लावलं.

"आता कसं," ताई म्हणाली, आणि भडंग पुढं सरकवलं.