ताठपणा वेगळा, मजबुती वेगळी: बाहाच्या गाडीतली एक महागडी गल्लत

बाहा ही इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा. अशा हाताने बनवलेल्या गाडीचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी क्रोमोलीचं, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या महागड्या स्टीलचं, नाव काढतं. चॅसी लवतेय? क्रोमोली घ्या. टाय-रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) वाकला? क्रोमोली घ्या. हे दोन आजार वेगळे आहेत, आणि त्यातल्या पहिल्यावर क्रोमोली हे औषधच नाही, दुसऱ्यावरही दरवेळी नाही.

२५.४ मिमी बाहेरचा व्यास आणि ३.०५ मिमी भिंत असलेला १०१८ या साध्या प्रतीच्या स्टीलचा पाइप घ्या. त्याचं एक टोक व्हाइसमध्ये घट्ट आवळा, मीटरभर पाइप बाहेर राहू द्या आणि दुसऱ्या टोकाला १० किलो वजन लटकवा. टोक साधारण १२ मिमी खाली येईल. वजन काढलं की पाइप होता तिथे परत जाईल. आता वजन वाढवत न्या. हिशेबाने ४० किलोच्या आसपास, म्हणजे टोक ४६-४७ मिमी खाली गेल्यावर, पाइप परत सरळ व्हायला नकार देतो. १० किलोला किती लवला, हा ताठपणा. किती किलोंनंतर कायमचा वाकला, ही मजबुती.

आता अगदी त्याच मापाचा ४१३० क्रोमोलीचा पाइप लावा. १० किलोला टोक किती खाली येईल? तेच १२ मिमी. कायमचा वाकायला मात्र ४० ऐवजी ४७ किलो लागतील. बाकी फरक काही नाही, वजनसुद्धा तेवढंच. स्टीलचा ताठपणा ज्या आकड्यावर ठरतो तो यंग्ज मॉड्युलस बाजारातल्या साध्या स्टीलपासून महागड्या मिश्रधातूपर्यंत जवळपास सारखाच असतो, सुमारे २०५ गिगापास्कल. हीट ट्रीटमेंट करा, पाणी द्या, काहीही करा, तो हलत नाही. हलतो तो यील्डचा, म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो त्या ताणाचा आकडा: कोल्ड ड्रॉन (थंड असताना खेचलेल्या) १०१८ ला ३६५ मेगापास्कल, नॉर्मलाइज केलेल्या (तापवून हवेत थंड केलेल्या) ४१३० ला ४३५ च्या आसपास.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी ट्रकच्या कमानीचे पाटे आठवावेत. तेही स्टीलच. मॉड्युलस तोच, यील्ड मात्र हजार मेगापास्कलच्या वर. म्हणून ते खड्ड्यागणिक वाकतात आणि वर्षानुवर्षं परत येतात. त्यांच्यात मजबुती प्रचंड आहे. ताठ ते नाहीत, आणि नसावेत म्हणूनच बनवले आहेत. (जुन्या पाट्याचा कोयता उत्तम होतो, पण म्हणून त्याच पाट्याचा ब्रॅकेट कापून चॅसीला वेल्ड करू नका. कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो; वेल्डच्या शेजारी पाटा काचेसारखा ठिसूळ होतो आणि तिथेच तडा जातो.)

मग ताठपणा आणायचा कुठून? आकारातून. बाहा स्पर्धेच्या नियमांत हे छान मांडलेलं आहे. ही स्पर्धा १९७६ साली अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झाली. आपल्याकडे २००७ पासून इंदूरजवळ पीथमपूरला होऊ लागली आणि महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या कितीतरी टीम तिथे गाड्या घेऊन गेल्या आहेत. गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या पिंजऱ्याच्या, म्हणजे रोल केजच्या, मुख्य पाइपांसाठी नियम सांगतो की वर व्हाइसमध्ये लावला तो १०१८ चा पाइप वापरा. नाहीतर दुसरं माप घ्या, पण त्याचा ताठपणाही त्याच्याइतका हवा आणि मजबुतीही. दोन्ही वेगवेगळे सिद्ध करायचे. शिवाय भिंत १.५७ मिमीपेक्षा पातळ नको आणि कार्बन ०.१८ टक्क्यांपेक्षा कमी नको.

यातून बहुतेक टीम ३१.७५ मिमी व्यास आणि १.६५ मिमी भिंतीच्या क्रोमोलीकडे वळतात. हिशेब करू. मूळ पाइपाचं वजन मीटरला १.६८ किलो, नव्याचं १.२२. ताठपणा ३० टक्के वाढला, मजबुती २४ टक्के. वजन २७ टक्क्यांनी घटून दोन्ही वाढले, म्हणून सगळे क्रोमोलीचे गोडवे गातात. पण हाच ३१.७५ चा पाइप साध्या १०१८ मध्ये धरून बघा. ताठपणा तेवढाच, ३० टक्के जास्त. आणि मजबुती? तीही मूळ पाइपापेक्षा चार टक्के जास्तच भरते. म्हणजे कागदावर पास. वजन व्यासाने वाचवलं, क्रोमोलीने वरची वीस टक्के मजबुती दिली. ती नको असं मी म्हणणार नाही, उलटणाऱ्या गाडीच्या केजमध्ये ती हवीहवीशीच आहे. फक्त कशाचे पैसे मोजतोय ते माहीत असावं. उलट व्यास २५.४ च ठेवून फक्त भिंत १.६५ केली तर क्रोमोली असूनही ताठपणा ६४ टक्क्यांवर येतो आणि मजबुतीही कमी पडते. दोन्हीकडे नापास.

टाय-रॉडचं प्रकरण याहून गमतीचं आहे. चाक दगडावर आपटलं की टाय-रॉड दाबला जातो आणि मधूनच फुगून बाजूला वाकतो. आपण म्हणतो मटेरियल कच्चं होतं. ३५० मिमी लांब, १२ मिमी जाडीचा भरीव रॉड कागदावर सुमारे १७ किलोन्यूटनला असा बाजूला जातो. त्या क्षणी धातूवरचा ताण असतो जेमतेम १५० मेगापास्कल, म्हणजे यील्डच्या निम्माही नाही. तो मजबुती संपल्यामुळे वाकला नाही, ताठपणा अपुरा पडल्यामुळे वाकला. तिथे क्रोमोलीचा भरीव रॉड बसवला तरी तोही १७ लाच जाणार. त्याऐवजी १९ मिमी व्यासाचा, २ मिमी भिंतीचा साधा पोकळ पाइप लावा: वजन किंचित कमी आणि क्षमता जवळपास दुप्पट. आता मात्र यील्डचा संबंध येतो, आणि या पोकळ पाइपात क्रोमोली घातली तर तिचा खरोखर फायदा मिळतो.

अॅल्युमिनियमबद्दल थोडक्यात. ७०७५ ची यील्ड ५०० मेगापास्कलच्या घरात, साध्या स्टीलला मागे टाकणारी. मॉड्युलस मात्र ७० च्या आसपास, स्टीलच्या एक तृतीयांश. स्टीलच्या नकलचं (चाक ज्यावर बसतं त्या स्टिअरिंगच्या भागाचं) ड्रॉइंग जसंच्या तसं ७०७५ मध्ये मिलिंगला दिलं तर भाग तुटणार नाही, पण तिप्पट लवेल.

आणि लवण्याने काय बिघडतं, हे ब्रॅकेटपाशी कळतं. स्टिअरिंग आर्म (टाय-रॉड ज्याला ढकलून चाक वळवतो तो हात) १०० मिमीचा असेल आणि टाय-रॉडचा ब्रॅकेट भाराखाली २ मिमी लवला, तर चाकाचा टो (वरून पाहिलं तर चाक किती तिरकं आहे तो कोन) एक अंशाहून जास्त बदलतो. काही तुटलेलं नाही, काही वाकलेलं नाही, गॅरेजमध्ये अलाइनमेंट तपासलं तर चोख. ट्रॅकवर मात्र गाडी हातात राहत नाही. इथे डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापयंत्र) लावून कुणालातरी चाक जोरात ढकलायला सांगावं. काटा सरकून परत शून्यावर आला तर ताठपणा कमी आहे: प्लेट ३ ऐवजी ४ मिमीची घ्या (सपाट प्लेटचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे जवळपास २.४ पट), कडेला गसेट (आधाराची तिकोनी पट्टी) द्या, बोल्ट एकाच कानात अडकवण्याऐवजी दोन कानांमध्ये धरा. काटा परत आलाच नाही आणि बोल्टही सैल नसतील, तरच मटेरियलचा विचार करा.

वेल्डिंगनेही या दोघांना वेगवेगळी वागणूक मिळते. कोल्ड ड्रॉन १०१८ ची यील्ड थंड खेचण्यातून आलेली असते, टॉर्चच्या उष्णतेने जोडाजवळ ती उतरते. ४१३० उलट, झटकन थंड झालं तर कडक आणि ठिसूळ होतं, म्हणून घाईघाईने वेल्डवर पाणी किंवा कॉम्प्रेसरची हवा मारू नये. ताठपणाला मात्र या कशानेही धक्का लागत नाही.

मोठ्या व्यासाच्या पातळ पाइपाची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. दगडाने त्याला पोचा लवकर पडतो. नॉच (दुसऱ्या पाइपावर बसावा म्हणून टोकाला घेतलेली खाच) नीट बसला नाही तर मिग वेल्डिंगने भोक पडतं, म्हणून टिग वेल्डिंग करणारा शोधावा लागतो. वाकवताना आतल्या बाजूला सुरकुती येते. वर्कशॉपमधल्या बेंडरला (पाइप वाकवण्याच्या यंत्राला) डाय, म्हणजे साचे, बहुतेकदा नळाच्या पाइपांच्या मापाच्या असतात. एक इंची म्हणवला जाणारा नळाचा पाइप बाहेरून ३३.७ मिमी भरतो, त्या डायमध्ये ३१.७५ चा पाइप सैल बसतो आणि चपटा होतो. तेव्हा पाइपाची ऑर्डर देण्याआधी भोसरीतल्या किंवा उद्यमनगरातल्या ज्याच्याकडून वाकवून घेणार, त्याच्याकडे ३१.७५ ची डाय आहे का ते विचारून घ्या. नसेल तर डायच्या मापाचा पाइप निवडून वरचा हिशेब त्याच्यावर पुन्हा करा.