हक्करक्षणाचे संस्थाकार्य (नाशिक जिल्हा)

पत्रकाराला निर्भयपणे बातमी देता यावी, कोठडीतल्या किंवा वेठीला धरलेल्या माणसाला कायद्याचे संरक्षण मिळावे आणि जमीन, जंगल, बाजार यांतला गरिबाचा वाटा टिकावा, यासाठी ना-नफा संस्थांनी चालवलेले काम. मोठ्या शहरांत या तीन गोष्टींसाठी तीन वेगळ्या संस्था असू शकतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत त्या सुट्या करता येत नाहीत. वनजमिनीचा दावा अडला की त्याची बातमी देणारा तालुका प्रतिनिधी लागतो, बातमीवरून त्याला धमकी आली की वकील लागतो आणि वकिलाला पोच असलेला कागद लागतो. बहुतेक प्रकरणे या शेवटच्या ठिकाणी ढिली पडतात.

पूर्वपीठिका

छापलेल्या शब्दाची किंमत नाशिकने फार लवकर मोजली. कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर यांना १९०९ मध्ये जन्मठेप, काळे पाणी झाले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्याची स्थानिक धुरा वाहणारे दादासाहेब गायकवाड यांनीच पुढे भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. प्रतिष्ठा आणि जमीन हे एकाच लढ्याचे भाग आहेत, ही समज जिल्ह्यात तेव्हापासूनची आहे. मार्च २०१८ मध्ये अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा नाशिकच्या सीबीएस चौकातून निघून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचला. त्याची एक मुख्य मागणी वनहक्क दाव्यांचा निपटारा ही होती. मोर्चा काढणे हे संघटनेचे बळ. त्यानंतर प्रत्येक दाव्याची फाइल बांधत बसणे हे संस्थेच्या वाट्याचे काम, आणि ते वर्षानुवर्षे चालते.

पत्रकारांचे संरक्षण

संविधानात वृत्तपत्रस्वातंत्र्याचे वेगळे कलम नाही. अनुच्छेद १९(१)(क) मधील भाषण व अभिव्यक्तिस्वातंत्र्यात ते सामावलेले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५० पासून मानले आहे. प्रत्यक्ष मारहाणीच्या प्रसंगी उपयोगी पडतो तो महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा. प्रसारमाध्यमांतील व्यक्ती व संस्थांवरील हिंसाचार आणि मालमत्तेचे नुकसान रोखण्यासाठीचा हा कायदा विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये संमत केला. राष्ट्रपतींची संमती मिळून तो २०१९ मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. तपास पोलीस उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त यांच्याहून खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. नुकसानभरपाई व औषधोपचाराचा खर्च हल्लेखोराकडून वसूल करता येतो.

एवढा स्पष्ट कायदा असूनही तो फिर्यादीत बऱ्याचदा लागत नाही. किरकोळ मारहाण म्हणून अदखलपात्र नोंद होते आणि प्रकरण तिथेच विझते. म्हणून संस्थेचा कार्यकर्ता हल्ल्याच्या दिवशीच पत्रकारासोबत ठाण्यात जातो. सरकारी रुग्णालयातली तपासणी, जखमांची छायाचित्रे आणि फिर्यादीत ‘वार्तांकन करीत असताना’ हे शब्द, या तीन गोष्टी सुटू द्यायच्या नाहीत. हद्दीचा वाद होतोच, कारण नाशिक शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे, तर त्र्यंबकेश्वर, घोटी, सुरगाणा ही ठाणी ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे येतात. हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ठाण्यावर बंधनकारक आहे. नकार मिळाला तर अधीक्षकांना लेखी अर्ज, तिथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकारी.

दुसरी अडचण व्याख्येची. हा कायदा नियमित किंवा कंत्राटी नेमणूक असलेल्या माध्यमकर्मीला संरक्षण देतो. तालुक्याचा वार्ताहर मात्र बहुधा नेमणूकपत्राविना काम करतो; जाहिरातीचे कमिशन हेच त्याचे मानधन. मोबाइलवर स्वतःची वाहिनी चालवणाऱ्याची स्थिती आणखी कच्ची. त्यामुळे हल्ला होण्याची वाट न पाहता आधीच संपादकाकडून एका ओळीचे का होईना पत्र घेणे, नावानिशी छापलेल्या बातम्यांची कात्रणे तारखेसह ठेवणे आणि मानधन बँकेतूनच घेणे, हे या कामातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित संरक्षण आहे.

मारहाणीपेक्षा जास्त वेळा येते ती बदनामीची नोटीस. तिचा हेतू बहुधा खटला जिंकणे हा नसतो. पत्रकाराला तारखांना दमवणे हा असतो. वकिलामार्फत मुदतीत दिलेले मोजके उत्तर पुष्कळदा पुरते. ते देता यावे म्हणून बातमी छापण्यापूर्वी संबंधितांची बाजू विचारल्याचा पुरावा, म्हणजे संदेश, ईमेल किंवा कॉलची नोंद, जपावी लागते.

पोलिसांनी फोन किंवा संगणक ताब्यात घेतल्यास पंचनाम्याची प्रत मागावी. झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार आवश्यक आहे. पत्रकाराचे स्वतःचे चित्रीकरण पुरावा म्हणून द्यायचे असेल तर मूळ मेमरी कार्ड तसेच ठेवावे. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत आकाराने लहान केली जाते आणि मूळ नोंदी गमावते. शिवाय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हॅश मूल्यासह (फाइलची संगणकाने काढलेली ओळखखूण) प्रमाणपत्र लागते. बातमीचा स्रोत गुप्त ठेवण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क भारतात नाही. प्रेस कौन्सिलपुढील कामकाजापुरतेच तसे संरक्षण आहे. वहीत माहिती देणाऱ्याचे पूर्ण नाव लिहू नये, हे त्यामुळे वार्ताहरांना शिकवावे लागते. कौन्सिलची सत्ताही मर्यादित आहे. ती ताशेरे ओढू शकते, शिक्षा करू शकत नाही, आणि दूरचित्रवाणी तिच्या कक्षेत येत नाही.

कोठडी आणि आयोग

अटक झालेल्याला २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे आणि नातेवाइकांना कळवणे बंधनकारक आहे. पहिल्या रात्री फोन उचलणारा वकील असणे इथे निर्णायक ठरते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देते. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला शुल्क नाही, मात्र घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे. ती मुदत ‘साहेब बघतो म्हणाले’ या आश्वासनावर निघून जाते.

वनहक्क व उपजीविका

जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात समावेशक अर्थव्यवस्थेचा पहिला प्रश्न कसत असलेल्या जमिनीच्या नावाचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला प्रत्यक्ष ताब्याइतकी, कमाल चार हेक्टर जमीन मिळते. बिगर-आदिवासी दावेदाराला त्या तारखेआधीचे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. दावा प्रथम ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जातो. ही समिती १० ते १५ जणांची असते आणि तिच्यात किमान एक-तृतीयांश स्त्रिया हव्यात. पुढे उपविभागीय आणि शेवटी जिल्हास्तरीय समिती.

नियमांनी किमान दोन पुरावे मागितले आहेत. वनखात्याने कधीकाळी केलेल्या दंडाची पावती हा सर्वांत बळकट पुरावा, कारण ताबा होता हे खात्यानेच लिहून दिलेले असते. कित्येक घरांत ती पत्र्याच्या पेटीत असते आणि जुना गुन्हा अंगावर येईल या भीतीने कोणी काढत नाही. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, बांध, विहीर, लावलेली झाडे हेही चालतात.

बिघाड कुठे होतो ते ठरलेले आहे. मोजणीला दावेदार हजर नसतो, जीपीएस यंत्र वरकस (उताराचा, हलक्या मातीचा) तुकडा वगळून फिरते आणि दोन एकर कसणाऱ्याला काही गुंठ्यांचा हक्कपट्टा मिळतो. उपग्रहाचे चित्र एकमेव पुरावा धरून दावा फेटाळला जातो. डोंगरउतारावरची नागलीची शेती त्या चित्रात गवताळ रानासारखी दिसते. फेटाळल्याचे कारण लेखी कळवणे बंधनकारक असूनही कळवले जात नाही, आणि अपिलाचे ६० दिवस कधी सुरू झाले हेच दावेदाराला ठाऊक नसते. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला तो स्थगित केला. त्या पंधरवड्यात कागदाअभावी किती कुटुंबे उघडी पडू शकतात, हे सगळ्यांना दिसले.

यावर संस्थांची पद्धत अशी : माहितीच्या अधिकारात दाव्याची स्थिती आणि फेटाळणीच्या आदेशाची प्रत मागायची. अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून. उत्तराची मुदत ३० दिवस. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरे. आदेशाची प्रत हाती आलेली तारीख पाकिटासह जपायची आणि तिच्यावरून अपील लावायचे. विवाहित दावेदाराच्या हक्कपट्ट्यावर पती-पत्नी दोघांची नावे कायद्यानेच यायला हवीत. ती नसतील तर दुरुस्तीचा अर्ज तेव्हाच द्यावा, कारण वारसाच्या वेळी विधवेला तोच कागद तारतो. पट्टा वारसाने जातो, विकता मात्र येत नाही.

शहरातील हातगाडीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून यावे लागतात, आणि सर्वेक्षणाआधी कोणालाही उठवता येत नाही.

वृत्त, हक्क आणि पोट यांची गाठ इगतपुरी तालुक्यात २०२२ मध्ये उघडी पडली. कातकरी कुटुंबांतील लहान मुले क्षुल्लक मोबदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती. एका मुलीच्या मृत्यूनंतर बातम्या आल्या आणि श्रमजीवी संघटनेच्या पाठपुराव्यामुळे इतर मुलांचा शोध सुरू झाला. अशा प्रकरणात सुटका पुरेशी नसते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडून मुक्ततेचा दाखला मिळाला नाही, तर पुनर्वसनाची मदत अडते आणि कुटुंब पुन्हा उचलीच्या फेऱ्यात जाते.

संस्थेची नोंदणी आणि पैसा

किमान सात सभासदांनी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी करायची, ही रूढ वाट. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. तो राहिला की जुनेच विश्वस्त नोंदीत दिसत राहतात आणि पुढे बँकखात्यापासून न्यायालयीन अधिकारपत्रापर्यंत सगळे अडते.

परदेशी देणगीसाठी २०१० चा कायदा लागतो. नोंदणीकृत वृत्तपत्राचे मालक, संपादक, वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार यांना ती घेता येत नाही. म्हणून पत्रकारांना मदत करणाऱ्या संस्थेने असा निधी आपल्या कामात कुठे खर्च होतो, याचा वेगळा हिशेब काटेकोर ठेवावा. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. वकिलांची फी, प्रवास, टपाल आणि छपाई हे सारे नियमांनी प्रशासकीय खर्चातच धरले आहेत. शाळेची खोली बांधणाऱ्या संस्थेला ही मर्यादा जाणवत नाही. सुरगाण्याहून नाशिकच्या न्यायालयात दावेदार आणणाऱ्या संस्थेचा मात्र जवळजवळ सगळा खर्च याच शीर्षांखाली पडतो. त्यामुळे अशा संस्था वकिलांची फी आणि न्यायालयीन प्रवास स्थानिक वर्गणीतून भागवतात आणि त्याची पावतीपुस्तके परदेशी निधीच्या हिशेबापासून वेगळी ठेवतात.