शाप आणि शपथ एकाच घरातले

‘शप्पथ!’ हे आपण दिवसातनं किती वेळा म्हणतो याचा काही हिशोब नाही, पण या शब्दाच्या पोटात काय दडलंय ते बघितलं की जरा दचकायलाच होतं. संस्कृतात शप् नावाचा धातू आहे, अर्थ शाप देणे, आणि शाप आणि शपथ ही दोन्ही त्याचीच पोरं. दुसऱ्याला दिला की तो शाप, आणि ‘मी खोटं बोलत असेन तर’ अशी अट घालून स्वतःलाच दिला की ती शपथ. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, १०४ व्या सूक्तात याचा अगदी कच्चा नमुना सापडतो. कुणीतरी आरोप केलाय की तू यातुधान आहेस, म्हणजे वाईट जादूटोणा करणारा, आणि बोलणारा (परंपरेने वसिष्ठ) उसळून म्हणतो की मी तसा असेन तर आजच्या आज मरून जाईन, आणि जो माझ्यावर हा खोटा आळ घेतोय त्याचे दहा वीर जावोत. एकाच ऋचेत अर्धी शपथ, अर्धा शाप!

आणि हे फक्त आपल्याच भाषेचं खूळ नाही बरं का. मेसोपोटेमियात लगाश आणि उम्मा ही दोन शेजारी शहरं शेतजमीन आणि पाण्याच्या कालव्यावरनं पिढ्यानपिढ्या भांडत होती, आणि साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी लगाशचा राजा एअन्नातुम जिंकला तेव्हा त्याने उम्माच्या माणसाला देवांच्या जाळ्याची शपथ घ्यायला लावली, की पुन्हा हद्द ओलांडली तर हे जाळं उम्मावर येऊन पडो. ज्या दगडावर हे कोरलंय त्याचे तुकडे पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहेत, आणि त्यावर जाळ्यात कोंबलेली माणसंही दिसतात, म्हणजे शपथ मोडली तर काय होईल याचं चित्रच सोबत जोडलेलं.

आजच्या तुर्कस्तानात प्राचीन काळी राज्य करणाऱ्या हित्ती लोकांच्या सैनिकांचा शपथविधी तर याहून भारी होता. सैनिकांच्या हातात मेण आणि मेंढीची चरबी द्यायची, मग ती आगीत टाकायची आणि सांगायचं, हे मेण जसं वितळतंय तसा शपथ मोडणारा वितळून जावो, आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, तसंच होवो. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात अश्शूरचा राजा पाचवा अश्शूर-निरारी याने अर्पाद नावाच्या राज्याचा राजा मतिइलू याच्याशी करार केला, त्यात एक कोकरू मध्ये ठेवलं आणि मजकुरात स्पष्ट लिहिलं की हे डोकं कोकराचं नाही, हे मतिइलूचं डोकं आहे. गळ्याशप्पथ म्हणताना आपण हात गळ्याकडे नेतो ना, तो हावभाव कुठनं आला ते मला माहीत नाही, पण या कराराबद्दल वाचल्यापासनं माझा हात जरा अडखळतो.

हे सगळं अंधश्रद्धा म्हणून बाजूला टाकायला सोपं आहे. पण थोडा विचार करा, दोन राजांच्या वर तेव्हा कोणतंही कोर्ट नव्हतं आणि पोलीसही नव्हते, मग समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? शपथेने तिसरा पक्ष आणून उभा केला. जो सगळं बघतो, ज्याला लाच देता येत नाही आणि ज्याच्यापासनं पळून जाता येत नाही. ग्रीकांनी तर देवांनाही सोडलं नाही. त्यांच्याकडे देव पाताळातल्या स्टिक्स नदीच्या पाण्यावर शपथ घ्यायचे, आणि मोडली तर एक वर्ष श्वासाविना पडून राहायचं आणि वर नऊ वर्षं बाकी देवांच्या पंगतीतनं बाहेर. देवाची शपथ आपण समजू शकतो, पण देवालाही शपथेला नदी लागते हे मला फार आवडतं.

आता खरा प्रश्न असा की हा शाप काढून घेतला तर शपथेत काय उरतं? डॉक्टरांच्या शपथेकडे बघा. हिपोक्रॅटिसच्या नावाने चालणारी जुनी ग्रीक शपथ अपोलो वगैरे देवांना साक्षी ठेवून सुरू होते आणि संपते ती चक्क शापावर, पाळली तर कीर्ती मिळो, मोडली तर उलट होवो. १९४८ साली जागतिक वैद्यकीय संघटनेने तिचं आधुनिक रूप म्हणून जिनिव्हा जाहीरनामा आणला, त्यात ना देव ना शाप, त्यांच्या जागी आली ती बोलणाऱ्याची स्वतःची प्रतिष्ठा.

मग नुसत्या शब्दात जोर येतो कुठनं? तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमला अठराव्या शतकातच हे कोडं पडलं होतं, तोंडातनं चार शब्द काढले की हवेतनं एक नवीन बंधन तयार होतं, हे त्याला धर्मातल्या चमत्कारांइतकंच गूढ वाटायचं. पुढे १९५५ मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानांत तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी एक साधी गोष्ट दाखवली, की ‘पाऊस पडतोय’ हे वर्णन आहे, ते खरं किंवा खोटं असू शकतं, पण ‘मी वचन देतो’ हे कशाचं वर्णनच नाही, ते बोलणं हीच कृती आहे.

तरी माणूस ते पाळतो का, हा प्रश्न राहतोच. दोन शक्यता दिसतात. एक, समोरचा आपल्या भरवशावर बसलाय, त्याची निराशा केली तर अपराधी वाटेल म्हणून. दोन, दिलेला शब्द तो दिलेला शब्द, समोरच्याची अपेक्षा असो नसो. रोजच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी इतक्या गुंतलेल्या असतात की वेगळ्या काढताच येत नाहीत, पण अर्थशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फानबर्ग यांनी २००८ मध्ये छापलेल्या प्रयोगात त्या काढल्या, आणि युक्ती खरंच सुंदर आहे. लोकांच्या जोड्या लावल्या, आधी मेसेज पाठवून बोलू दिलं, तेव्हा बऱ्याच जणांनी ‘मी तुझ्या फायद्याचाच पर्याय निवडीन’ असं वचन दिलं, आणि मग काही जोड्यांमध्ये गुपचूप जोडीदार बदलला. निर्णय घेणाऱ्याला हे सांगितलं, नव्या जोडीदाराला आधी कुणी काय वचन दिलंय तेही त्यालाच दाखवलं, पण त्या नव्या जोडीदाराला बदलाचा पत्ताच नाही, तो बिचारा तितक्याच भरवशावर बसलेला. निराशेची भीती हेच कारण असतं तर लोकांनी दुसऱ्याने दिलेलं वचनही तेवढ्याच इमानाने पाळलं असतं. तसं झालं नाही. माणसं स्वतःचा शब्द जास्त जपतात, दुसऱ्याच्या शब्दाचं ओझं कुणी घेत नाही.

२००९ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी वचन मोडणाऱ्यांचे मेंदू स्कॅन करून पाहिले, आणि भावना आणि आत्मनियंत्रणाशी जोडलेल्या भागांत हालचाल वाढलेली दिसली, जणू आत ओढाताण चाललीये. (मेंदूचा अमुक भाग उजळला म्हणजे अमुकच भावना, असं म्हणता येत नाही, त्यामुळे हे ‘जणू’ जपून वाचा.) आणि ८ ते १६ वर्षांच्या मुलांवरचा २०१० चा एक प्रयोग आहे, परीक्षेची उत्तरं चोरून बघून वर ‘नाही बघितली’ म्हणणाऱ्या मुलांकडनं खरं सांगायचं वचन घेतलं तेव्हा खोट्यावरनं खऱ्यावर येण्याची शक्यता आठपट झाली.

अर्थात या क्षेत्रात फजितीही झालीये. फॉर्मवर प्रामाणिकपणाची सही शेवटी न घेता सुरुवातीलाच घेतली तर लोक कमी खोटं लिहितात, हे २०१२ चं संशोधन जगभर गाजलं, सरकारी खात्यांपर्यंत पोचलं, आणि नंतर त्यातला वाहन विम्याचा डेटा बनावट निघाला आणि २०२१ मध्ये पेपर मागे घ्यावा लागला. प्रामाणिकपणावरचा पेपर, काय बोलणार!

म्हणून २०२४ चा एक मोठा अभ्यास मला जास्त भरवशाचा वाटतो. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या २१,५०६ लोकांना टॅक्स भरण्याचा एक खेळ दिला, खऱ्या पैशांचा, आणि आधी २१ वेगवेगळ्या मजकुरांच्या शपथा वापरून पाहिल्या. त्यातल्या १० चा नीट परिणाम दिसला, सगळ्यात चांगल्या शपथेने तर चोरी जवळजवळ निम्म्यावर आणली, बाकीच्या शपथांचा तसा ठोस परिणाम काही दिसला नाही. आणि कुठली शपथ चालेल हे ना सामान्य लोकांना नीट ओळखता आलं ना तज्ज्ञांना, तज्ज्ञ फक्त थोडे कमी चुकले.

म्हणजे मजकुराने फरक पडतो, आणि हे क्वेकर या ख्रिश्चन पंथाच्या लोकांना तर सतराव्या शतकातच पटलेलं होतं, त्यांचं भांडणच शब्दांवरनं होतं. ते कोर्टात शपथ घ्यायलाच नकार द्यायचे, कारण आत्ता खरं बोलीन अशी शपथ घ्यायची म्हणजे एरवी खोटं बोलतो असं कबूल करणं झालं, आणि त्यापायी तुरुंगातही जायचे. १६९६ मध्ये इंग्लंडच्या संसदेने त्यांना शपथेऐवजी नुसतं प्रतिज्ञापूर्वक सांगायची मुभा दिली, पण त्या वाक्यातही सत्याचा साक्षी म्हणून देव होताच, त्यामुळे बऱ्याच क्वेकरांना तेही चालेना. सव्वीस वर्षं वाद चालला. १७२२ मध्ये तो साक्षीदारही वाक्यातनं गेला आणि मागे उरलं ते एवढंच, की मी गांभीर्याने, मनापासून आणि खरेपणाने सांगतो.