कॅलिफोर्नियातील गोल्ड रश : वस्तूंमधून अध्यापन

कॅलिफोर्नियात १८४८ मध्ये सोने सापडले आणि पुढच्या सात-आठ वर्षांत सुमारे तीन लाख माणसे तिकडे लोटली. ही घटना ‘गोल्ड रश’ म्हणून ओळखली जाते. अमेरिकेतील शाळांत ती बहुधा पश्चिमेकडच्या स्थलांतरासोबत शिकवतात आणि त्या काळातील वस्तू किंवा त्यांच्या प्रतिकृती मुलांच्या हाती देण्याची पद्धत तिथे चांगली रुळली आहे. काही संग्रहालये तर अशा वस्तूंची पेटीच शाळांना वापरायला देतात. टेबलावर कोणती वस्तू येते यावरून कोणाचा इतिहास सांगितला जाणार हे ठरते. म्हणून निवड हेच या पद्धतीतले सर्वांत जबाबदारीचे काम.

वस्तू ‘वाचण्या’च्या तीन पायऱ्या कलेतिहासकार ज्यूल्स प्राउन यांनी १९८२ मध्ये मांडल्या : वर्णन, अनुमान आणि मग तर्क. मुले थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात. त्यांना पहिल्या पायरीवर थांबवून ठेवावे : झीज कुठे झाली आहे, डाग कसला, मूठ कोणत्या हाताची?

सुरुवात बहुधा सोन्याच्या एका चपट्या कणापासून होते. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे जॉन सटर यांच्या लाकूड-गिरणीचे बांधकाम चालू असताना जेम्स मार्शल यांना पाटात सोने चमकताना दिसले. त्यांनी ते ठोकून पाहिले. दगड असता तर फुटला असता, सोने पसरले. त्यांना सापडलेला पहिला तुकडा मानला जाणारा कण आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. तो नखाहूनही लहान आहे आणि त्याचे चित्र पाहून मुले हमखास हिरमुसतात. तो हिरमोड उपयोगी पडतो, कारण ‘एवढ्याशासाठी?’ हा प्रश्न मग त्यांच्याच तोंडून येतो. अध्यक्ष पोक यांनी ५ डिसेंबर १८४८ च्या संदेशात या शोधाला दुजोरा दिला आणि पुढच्या वर्षी माणसांची रीघ लागली.

खुष्कीने येणाऱ्यांना मिसूरी नदीपासून सुमारे ३,२०० किमी. वाट तुडवावी लागे. चार ते सहा महिने लागत, आणि गाडीत सामान असल्यामुळे बहुतेक जण पायीच चालत. हे मुलांना समजावायला खरी गाडी लागत नाही. वर्गात खडूने १० फूट लांब, ४ फूट रुंद चौकोन आखला की पुरे. गाडीत जेमतेम टनभर ओझे मावे. त्या काळच्या सल्ल्यानुसार दर मोठ्या माणसामागे ९० किलो पीठ आणि ६८ किलो खारवलेले डुकराचे मांस घ्यायचे. चौघांचे मिळून सहाशे किलोंच्या वर गेले. आता आजीची पेटी ठेवायची की लोखंडी चूल? प्रत्यक्षात चुली, पेट्या, ऐरणी वाटेवर टाकून दिलेल्या असत. याच्या जोडीला सॅक्रामेंटोच्या सटर्स फोर्टमधली इवलीशी लाकडी बाहुली दाखवावी. १८४६-४७ च्या हिवाळ्यात सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकलेल्या डॉनर तांड्यातील आठ वर्षांच्या पॅटी रीडने ती कपड्यांत लपवून नेली होती. ही गोष्ट सोने सापडण्याआधीची आहे, हे मात्र स्पष्ट सांगावे. रिव्हेट ठोकलेल्या जीन्सच्या बाबतीत उलटी चूक होते : तिचे पेटंट १८७३ चे, तरी ती खाणकामगारांच्या या गर्दीत घुसवली जाते.

सोने धुण्याची परात मुलांना सर्वांत आवडते. महाराष्ट्रात सोनारांच्या दुकानातली माती धुऊन सोने काढणारे झारेकरी ज्या तत्त्वावर काम करत, तेच इथे आहे. सोने पाण्याच्या १९ पट जड, वाळू अडीच पटींच्या आसपास. परात फिरवली की वाळू वाहून जाते, सोने तळाशी राहते. पण केवळ परात दाखवून थांबणे ही दिशाभूल आहे. वरवरचे सोने लवकरच संपले. १८५३ पासून पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी डोंगर फोडले जाऊ लागले. वाळूतले बारीक सोने धरून ठेवायला पाराही सर्रास वापरला गेला. त्याच्या लोखंडी बाटलीत सुमारे साडेचौतीस किलो पारा असे आणि तो सॅन होजेजवळच्या न्यू अल्मेडन खाणीतून येई. गाळाने शेते बुडाल्यावर न्यायाधीश सॉयर यांनी १८८४ मध्ये नद्यांत राडारोडा सोडण्यास मनाई केली. पारा मात्र नद्यांच्या गाळात अजून आहे.

कर भरल्याची पावती ही अगदी साधी वस्तू, पण माझ्या मते सर्वांत बोलकी. चिनी कामगार कॅलिफोर्नियाला ‘गम सान’, म्हणजे सोन्याचा डोंगर, म्हणत. १८५२ पासून परदेशी खाणकामगारांवर महिन्याला ३ डॉलर कर बसला, पुढे तो ४ झाला आणि वसुली मुख्यतः चिन्यांकडूनच होई. पावतीवरचे नाव कसे लिहिले आहे, ते कोणी लिहिले, एवढे विचारले तरी तास पुरत नाही.

परातीशेजारी त्या प्रदेशातील एखादी टोपलीही असायला हवी. मायडू, मीवॉक, नीसनॅन या तिथल्या मूळ जमातींतील स्त्रिया पाणी न गळणाऱ्या टोपल्या विणत, त्यांत तापवलेले दगड टाकून ओकच्या फळांच्या पिठाची पेज शिजवत. सुरुवातीच्या काळात अशा टोपल्यांनी सोनेही धुतले गेले. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात मूळ रहिवासी सुमारे दीड लाख होते. १८७० पर्यंत ते तीस हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तली ही त्याची कारणे. १८५० च्या कायद्याने तर त्यांना वेठीस धरण्याची मुभाच दिली. मार्शलना सोने सापडले त्या कोलोमाचे नावही नीसनॅन लोकांच्या तिथल्या वस्तीवरून आले आहे.