गेमिंगचं व्यसन आणि तरबियत

तरबियत म्हणजे मुलांना दीन (धर्म), अदब आणि चांगल्या सवयी लावत वाढवणं, आणि मुस्लिम घरांत मोबाईल गेमच्या व्यसनाचा विषय निघतो तो याच्यातच. बाहेरच्यांना वाटतं इस्लामचा खेळण्यालाच विरोध आहे, पण तसं काही नाहीये. अबू दाऊदच्या हदीस (पैगंबरांच्या उक्ती-आठवणी) संग्रहात पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांच्या बाहुल्यांचा किस्सा आहे, त्यात चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता, पैगंबरांनी विचारलं घोड्याला कुठे पंख असतात का, तर त्या म्हणाल्या सुलेमानच्या (पूर्वीच्या एका पैगंबरांच्या) घोड्यांना होते की, ऐकलं नाही का तुम्ही, आणि पैगंबर दाढा दिसेपर्यंत हसले.

मग घोडं अडतं कुठे, तर वेळ आणि जुगार. तब्येत आणि फुरसत या दोन नेमतींच्या (देवाच्या देणग्यांच्या) बाबतीत बरेच लोक घाट्यात राहतात अशी बुखारीच्या संग्रहात हदीस आहे. ऑनलाइन मॅच पॉज करता येत नाही, त्यामुळे अजान झाली तरी पोरगं "बस पाच मिनिटं अम्मी" म्हणत बसतं, रात्री दोनपर्यंत जागलं की फजरला (पहाटेच्या नमाजला) उठत नाही. म्हणून काही घरांत इशानंतर (रात्रीच्या नमाजनंतर) फोन अम्मीकडे असा सरळ नियम असतो, माझ्या मते कुठल्याही ॲपपेक्षा हे बरं, फक्त अब्बूंनीपण रील्स बंद करायला हव्यात. जुगाराचं म्हणाल तर कुराणात (5:90) मैसिर म्हणजे जुगार मना आहे, आणि पैसे भरून आत काय निघेल माहीत नसलेला गेममधला लूट बॉक्स अनेक आलिम (धर्मपंडित) त्यातच धरतात.

बंदीचे प्रयोगही झाले. एप्रिल 2019 मध्ये इराकच्या संसदेने पबजी हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम बंद केला, जूनमध्ये इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या उलेमा परिषदेने तो हराम ठरवला. 2020 मध्ये गेममध्ये टोटेमपुढे (मूर्तीसारख्या खांबापुढे) झुकायचा प्रकार आला, तो मूर्तिपूजेसारखा वाटल्याने कुवेत-इजिप्तमध्ये बराच गदारोळ झाला आणि कंपनीने तो काढून टाकला. भारतातली सप्टेंबर 2020 ची बंदी मात्र डेटा सुरक्षेसाठी होती, धर्माचा काही संबंध नव्हता, आणि पुढच्याच वर्षी तोच गेम नाव बदलून परत आला.

आता खेळणारं प्रत्येक पोर काही व्यसनी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीप्रमाणे खेळण्यावर ताबा नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम, नुकसान दिसत असूनही चालूच, असं साधारण 12 महिने चाललं तर तो आजार. तेव्हा फोन फोडून किंवा नुसतं दम-तावीज (दुआ फुंकणं, ताईत बांधणं) करून भागत नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं लागतं, आणि त्यात लाजायचं कारण नाही कारण इलाज करून घ्या असं हदीसमध्येच आलंय.