रोज चालवायला जुनी स्पोर्टी गाडी घेताय? सौदा करण्याआधी हे वाचा

आमच्याकडे गाडी तपासायला आणणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पिकअप कसा आहे?" पिकअप असतोच. त्यासाठीच तर ती गाडी बनवली होती. रोज कोथरूडहून हिंजवडीला जायचं असेल तर आधी हे विचारा, की पार्ट गेला तर तो पुण्यात मिळेल का, आणि मिळाला तर किती दिवसांत.

आम्ही गाड्या विकत नाही. घ्यायच्या आधी तपासून देतो आणि घेतल्यावर सांभाळतो. त्यामुळे अमुक गाडी तुमच्या गळ्यात मारण्यात आम्हाला काही रस नाही.

या पत्रकात बजेट दहा लाखांच्या आतलं धरलं आहे. एवढ्या पैशांत जुन्या जर्मन टू-सीटरही दिसतात, आणि फोटोत फार सुंदर दिसतात. रोजच्या वापरासाठी त्यांच्या नादी लागू नका. त्यांचा एकेक सुटा भाग बाहेरून मागवावा लागतो आणि सोसायटीच्या रॅम्पवर बंपर रोज घासतो. तुमची गाडी म्हणजे छोटी, टर्बो पेट्रोल, पाच जण बसतील अशी हॅचबॅक. गंमत अशी की यातल्या दोन चांगल्या गाड्या आपल्याच जिल्ह्यात बनल्या: फोक्सवॅगन पोलो चाकणला आणि फियाट पुंटो रांजणगावला.

पोलो: कुठली घ्यायची आणि कुठली जपून

सगळ्यात जास्त चौकशी पोलो जीटी टीएसआयची होते, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर. २०१३ साली आलेल्या जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचं इंजिन होतं, १०५ पीएस ताकद आणि १७५ एनएम टॉर्कचं (टॉर्क म्हणजे ओढ), सोबत सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गाडी चालवायला आजही झकास. पण हा डीएसजी कोरड्या, म्हणजे तेलात न बुडलेल्या, क्लचचा आहे आणि त्याला सिग्नल ते सिग्नल रांगणं मानवत नाही. क्लच तापतो, झिजतो आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथरायला लागते. त्याहून मोठा खर्च मेकाट्रॉनिकचा, म्हणजे गिअर बदलण्याचे हुकूम देणाऱ्या युनिटचा. ते गेलं की लाखाच्या घरातलं बिल येऊ शकतं. अशी गाडी घेऊच नका असं आम्ही म्हणत नाही. पण क्लच किंवा मेकाट्रॉनिक बदलल्याचं बिल हातात नसेल, तर तो खर्च अजून व्हायचाय असं धरून भाव करा.

ट्रायलही नीट घ्या. विक्रेता तुम्हाला मोकळ्या रस्त्यावर नेईल, तिथे सगळेच डीएसजी गुणी असतात. तुम्ही गाडी संध्याकाळी सहाला सिंहगड रोडला घाला आणि अर्धा तास रांगू द्या. गिअरबॉक्स चांगला तापल्यावर एखाद्या चढावर थांबून हळूच ब्रेक सोडा. दोष असेल तर तिथे कळतो.

आमचं मत विचाराल तर २०२० ते २०२२ मधली १.० टीएसआय पोलो पाहा. ११० पीएस, टॉर्क तोच १७५ एनएम. सहा गिअरचं मॅन्युअल मिळतं. ऑटोमॅटिक हवी असेल तर त्यात टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून ताकद पोचवणारा गिअरबॉक्स आहे, कोरड्या क्लचचा डीएसजी नाही. याच घराण्यातलं इंजिन पुढे कुशाक, स्लाव्हिया, टायगुन आणि व्हर्टसमध्ये बसलं, त्यामुळे इंजिनाच्या पार्टची चिंता बरीच कमी. पोलो २०२२ मध्ये बंद झाली आणि मग तिचे भाव चढले. भाव जास्त वाटेल, पण डोकेदुखी कमी आहे.

बाकीच्या गाड्या

बलेनो आरएसकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. १.० लिटरचं बूस्टरजेट टर्बो इंजिन, १०२ पीएस, हलकी बॉडी, चारही चाकांना डिस्क. २०१७ ते २०२० अशी थोडीच वर्षं विकली गेली. बॉडीचे बहुतेक पार्ट साध्या बलेनोचे, आणि त्याच जातीचं इंजिन २०२३ मध्ये फ्राँक्समध्ये परत आलं. एक गोष्ट मात्र न विसरता पाहा: एप्रिल २०२३ मध्ये मारुतीने ७,२१३ बलेनो आरएस परत बोलावल्या होत्या, ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपात दोष असण्याची शक्यता होती म्हणून. चेसिस नंबर देऊन मारुतीच्या वर्कशॉपमध्ये विचारा, पंप बदललाय की नाही ते सांगतील.

ह्युंदाई आय२० एन लाइन (२०२१ पासून, १२० पीएस) ही यातली सगळ्यात नवी. सुरुवातीच्या गाड्यांत क्लच पेडल नसलेला आयएमटी किंवा सात गिअरचा डीसीटी (हाही दोन क्लचचा ऑटोमॅटिक) मिळायचा. खरं मॅन्युअल २०२३ च्या फेसलिफ्टमध्ये आलं. आयएमटी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. कुणाला आवडतो, कुणाला अजिबात नाही.

टाटा टियागो जेटीपी २०१८ मध्ये आली आणि २०२० पर्यंत बंदही झाली. ११४ पीएस आणि इतकी छोटी गाडी, म्हणजे मजा आहेच. तिची खास बंपरं आणि सस्पेन्शनचे भाग शोधताना मात्र घाम फुटतो.

आणि पुंटो अबार्थ. १४५ पीएस, २१२ एनएम, हायड्रॉलिक स्टिअरिंग, २०१५ ची. या यादीतली मनापासून आवडणारी गाडी कुठली असं आमच्या मेकॅनिकना विचारलंत तर हेच नाव येईल. पण बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू होण्याआधीच फियाटने ती बंद केली आणि तिच्या टी-जेट टर्बो इंजिनाच्या काही पार्टसाठी थांबावं लागतं. घरात दुसरी गाडी असेल तर खुशाल घ्या. ही एकच गाडी असणार असेल तर नको.

रीमॅप: विक्रेता "स्टॉक आहे" म्हणाला तरी

रीमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलणं; स्टॉक म्हणजे कंपनीची मूळ सेटिंग. टर्बो गाडीची ताकद लॅपटॉप लावून तासाभरात वाढवता येते आणि विकण्याआधी तितक्याच वेळात मूळ सेटिंगला आणता येते. क्लच, टर्बो आणि इंजिनाने मधल्या काळात सोसलेला मार मात्र पुसला जात नाही. तो असा शोधतो: साठच्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि गाडीचा वेग जागीच राहिला, तर क्लच घसरतोय. एअर फिल्टरच्या डब्याचे क्लिप तुटलेले, एक्झॉस्टच्या नटांवर पान्याचे ताजे ओरखडे, या खुणाही बोलक्या असतात.

स्कॅनर लावल्यावर आम्ही एरर कोडसोबत आणखी एक गोष्ट पाहतो. गाडीचा संगणक स्वतःच्या काही चाचण्या सतत करत असतो. कोड नुकतेच पुसले असतील तर या चाचण्या अपूर्ण दिसतात. एकही एरर नाही आणि चाचण्या सगळ्या अपूर्ण, म्हणजे आदल्या दिवशी कुणीतरी साफसफाई केली आहे.

आरसीवर नोंदलेल्या वर्णनात न बसणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाहीत, आणि अपघातानंतर विमा कंपनीला क्लेम अडवायला ते आयतं कारण मिळतं. मोठा आवाज करणारा सायलेन्सर तर चौकातल्या हवालदारालाही ऐकू येतो.

पुरात बुडालेली गाडी

कोल्हापूर-सांगली २०१९, चिपळूण जुलै २०२१. अशा पुरांतल्या गाड्या धुऊन-पुसून, पॉलिश करून दुसऱ्या शहरात विकायला येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहिलेली असते, ती धुणाऱ्याच्या लक्षात येत नाही. सीटच्या खालचे रेल गंजलेत का पाहा, स्टेपनी काढून खाली बोट फिरवा. नवीकोरी मॅट आणि भरपूर अत्तर असेल तर जरा जास्तच खोलात जा.

टायरही वाचा. बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी "फक्त वीस हजार किलोमीटर" चाललेली, २०१८ ची, आणि चारही टायर २०२३ चे असतील तर मीटरबद्दल एक सरळ प्रश्न विचारून टाका.

कागद आणि पैसे

मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स. दिल्लीची स्वस्त गाडी इथे येईपर्यंत स्वस्त राहत नाही ती यामुळे. थकलेली ई-चलनं विक्रेत्याकडून आधी भरून घ्या. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

एक छोटा फायदा: बलेनो आरएस, १.० पोलो आणि एन लाइन या तिन्ही हजार सीसीच्या आतल्या. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत थर्ड पार्टीचा वार्षिक हप्ता हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये होता, तर पंधराशेपर्यंत ३,४१६.

आणि एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर इंधनाच्या झाकणावर आणि पुस्तिकेत किती इथेनॉल चालतं ते वाचा. पंपावर आता बहुतेक ठिकाणी ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलच मिळतं, तेव्हा फ्युएल पाइप आणि सील आम्ही वेगळे तपासतो.

सगळे पैसे गाडीत घालू नका. बजेटच्या पाचव्या हिश्शाएवढे बाजूला ठेवा: टायर, ब्रेक पॅड, सगळी ऑइलं, बॅटरी, सस्पेन्शनचे रबरी बुश. स्पोर्टी गाडीच्या आधीच्या मालकाने यातलं बरंचसं तुमच्यासाठी राखून ठेवलेलं असतं.

तपासणीला येताना

वेळ आदल्या दिवशी फोन करून ठरवा. आरसीची प्रत, विम्याचा कागद आणि असतील तितकी सर्व्हिस बिलं सोबत आणा. लिफ्टवर घेऊन, स्कॅन करून आणि चालवून पाहायला साधारण दोन तास लागतात. फोटोंसह रिपोर्ट त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर देतो. विक्रेता सोबत आला तरी हरकत नाही, पण रिपोर्ट फक्त तुम्हाला. गाडी आदल्या रात्रीपासून आमच्या आवारात उभी करा, म्हणजे सकाळी पहिला स्टार्ट आम्हीच मारतो. थंड इंजिनाचा आवाज आणि पहिला धूर नंतर दिवसभर परत पाहायला मिळत नाही. रात्री गाडी सोडायला विक्रेता तयार नसेल तर आम्ही सकाळी सातला त्याच्या पार्किंगमध्ये येतो. त्याचे वेगळे पैसे पडतात.