कानोसा घेणारा रेडिओ

साताऱ्यात लॅपटॉपला अंगठ्याएवढा यूएसबी डोंगल जोडून १०३.१ मेगाहर्ट्‌झच्या आसपास पाहिले, की पडद्यावरच्या आलेखात आकाशवाणीच्या सातारा केंद्राचा उंचवटा दिसतो. मुळात हा डोंगल डिजिटल टीव्हीसाठी बनलेला. त्यातील रिअलटेकची चिप लहरींचे कच्चे नमुने थेट संगणकाला देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी तंत्रज्ञांना उमगले आणि सॉफ्टवेअर रेडिओ विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आला.

जुन्या संचात स्टेशन निवडणे आणि आवाज वेगळा काढणे ही कामे कॉइल-कपॅसिटर करत. इथे मात्र अँटेनाकडून आलेला संकेत सेकंदाला वीस लाखांहून अधिक वेळा मोजला जातो आणि पुढचे सारे गणित असते. एफएमचा आवाज तर लागोपाठच्या दोन नमुन्यांच्या कलेतील (फेज, म्हणजे लहर आपल्या आवर्तनात कुठवर आली ते) फरकातून मिळतो. प्रोग्रॅम बदलला, की तोच डोंगल १०९० मेगाहर्ट्‌झवर विमानांचे संदेश वाचतो.

जे गणित बदलता येते, ते रेडिओने स्वतःच का बदलू नये? जोसेफ मिटोला आणि जेराल्ड मॅग्वायर या संशोधकांनी १९९९ मध्ये अशा रेडिओची संकल्पना मांडली, जो भोवतालचा कानोसा घेईल, मोकळी लहरपट्टी हेरेल आणि मूळ परवानाधारक बोलू लागताच बाजूला होईल.

खरी अडचण या कानोशातच आहे. अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेला एखादा ट्रान्समीटर चालू असला, तरी डोंगराच्या दक्षिणेला, त्याच्या आडोशाला ठेवलेल्या यंत्राला तो ऐकू येईलच असे नाही. ते पट्टी रिकामी समजून बोलू लागते आणि ज्याला दोघेही ऐकू येतात अशा तिसऱ्या ठिकाणच्या संचात गोंधळ माजतो. एकट्या यंत्राचा कान कितीही तीक्ष्ण केला तरी हा दोष पुरता जात नाही. म्हणून निरनिराळ्या जागी ठेवलेल्या यंत्रांनी आपापली निरीक्षणे एकत्र करावी लागतात किंवा कोणती पट्टी कुठे वापरात आहे याची सामायिक नोंद पाहावी लागते.

संकेत कोणत्या प्रकारचा आहे हे न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारे प्रोग्रॅम) आता बरेच अचूक ओळखतात, पण संगणकावर तयार केलेल्या नमुन्यांवर शिकलेले नेटवर्क डोंगरांवरून परावर्तित झालेल्या लहरींपुढे चुकू शकते. त्यामुळे साताऱ्याच्या खोऱ्यांतले आणि सांगलीच्या सपाट कृष्णाकाठचे संकेत एकाच प्रकारच्या डोंगलने नोंदवून त्यांची तुलना करणे, हा इथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी मला फार मोलाचा प्रकल्प वाटतो.